चार हजार दोनशे सत्तर

"उघडलं एकदाचं!" ती म्हणाली आणि मशीनचं मागचं फळकूट काढून तिने भिंतीला टेकवलं.

पलंगावरून बाबा बघत होते. झटका आल्यापासून वाचा गेली होती. सकाळी डॉक्टर दारातच म्हणाले होते, "आजचा दिवस काढतील. कुणाला बोलवायचं तर बोलवून घ्या."

बोलवायला होती एक आत्या. ती केव्हाच गाडीत बसली होती.

लिफ्ट दुरुस्त करण्यात मुलीची वीस वर्षं गेली होती. पण घरातल्या या जुन्या पिनबॉलला, दांडा ओढून चेंडू उडवायच्या खेळाच्या मशीनला, हात लावायची तिला बंदी होती. "बिघडलंय ते, राहू दे," एवढंच बाबा म्हणायचे. एके काळी ते खेळघर चालवायचे. बाकीची मशीनं गेली, हे एक राहिलं. काचेवर रंगवलेला सात तोंडांचा राक्षस, मनोऱ्यात राजकन्या आणि मधोमध पिंजऱ्यातलं पाखरू. राक्षसाचा जीव पाखरात, आणि तुझ्या बापाचा मशीनमध्ये, असं आत्या म्हणायची.

रोज संध्याकाळी बाबा ती काच पुसायचे. तेवढ्या मायेने आपल्या डोक्यावरून हात फिरवल्याचं मुलीला आठवत नव्हतं. आई तर ती जन्मली त्याच दिवशी गेली. घरात तिघं: ती, बाबा आणि राक्षस. राक्षस निदान हसायचा तरी.

म्हणून आज तिला हे जमवायचंच होतं. जाण्याआधी बाबांनी एकदा मशीनची घंटा ऐकावी, एकदा तिच्याकडे बघून मान हलवावी. दुसरं काही नको होतं.

फोन वाजला. आत्या होती.

"काय करतेयस?"

"बाबांसाठी एक काम. आल्यावर बघशील."

"कामं राहू देत गं. नुसती बस त्याच्याजवळ. मी आले की तुझ्याशी बोलायचंय."

"बोल ना आत्ताच."

"फोनवर नाही."

आत सगळं जुन्या लिफ्टसारखंच होतं, रिले आणि कॉइल. तिने एकेक रिले कानशीने हलकेच घासला. पलंगावरचा श्वास मध्येच अडकायचा, की ती कानस टाकून धावायची आणि पुन्हा मशीनकडे यायची.

शेवटी बिघाड सापडला, आणि तिला हसूच आलं. सुरू करायच्या बटणाची एक तार तुटलेली, एवढंच! उंदीर म्हणावा तर दातांच्या खुणा नव्हत्या. टोक पक्कडीने तोडल्यासारखं सरळ होतं. विचार करायला वेळ कुठे होता? तिने तार जोडली, सोल्डर मारला आणि प्लग लावला.

राक्षसाच्या सातही तोंडांमागे दिवे लागले.

बाबांचा डावा हात उचलला गेला. बोटं फाकली, हवेत हलली.

"हो बाबा, हो, झालंच," ती म्हणाली.

तिने बटण दाबलं. जन्मापासून ती बघत आलेली, चार हजार दोनशे सत्तरवर अडकून बसलेली आकड्यांची चाकं खडखडत फिरली आणि शून्यावर थांबली. चेंडू दांड्यापाशी तयारच होता, जणू कुणी नुकता ठेवलेला. तिने दांडा ओढून सोडला. घंटा घणघणली, पिंजऱ्याचं दार उघडलं. चेंडू दोन-चारदा उसळला आणि खालच्या फटीत गडप झाला.

तिने वळून पाहिलं. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तिच्याकडेच बघत होते. तिने धावत जाऊन त्यांचा हात गालाला लावला, तेव्हा तो सैल पडला होता.

"ऐकली, बाबा? ऐकलीत ना घंटा?" ती रडत होती आणि हसतही होती.

आत्या दारात उभी होती. हातातली पिशवी तशीच. तिचं भावाकडे लक्षच नव्हतं. ती चार शून्यांकडे बघत होती.

"त्यानेच तोडली होती गं ती तार," आत्या म्हणाली. "दवाखान्यात जाताना तुझी आई सांगून गेली होती, 'माझा डाव मोडू नका, एक चेंडू राहिलाय. बाळाला घेऊन आले की खेळते.'"