शेवटची खुर्ची

छकुलीच्या पाचव्या वाढदिवसाला मैत्रिणी आल्या होत्या चारच, पण त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. बाबा पेशाने शिंपी, त्यामुळे नवा फ्रॉक त्यानेच शिवलेला. केक कापायच्या आधी त्याने संगीत खुर्चीचा डाव मांडला. एकेक जण बाद होत गेली आणि शेवटी एका खुर्चीसाठी छकुली आणि शेजारची ठमी उरल्या.

बाबाने गाणं थांबवलं. दोघी खुर्चीकडे धावल्या आणि हातभर अंतरावर थबकल्या. बसलं कुणीच नाही.

"अगं, बसा की कुणीतरी," तो म्हणाला.

"कशा बसणार काका? ती आधीच बसली," ठमी हिरमुसून म्हणाली. भिंतीशी बसलेल्या तिघी टाळ्या वाजवू लागल्या.

पोरींनी आपल्याला मामा बनवायचं ठरवलंय असं समजून बाबा हसत हसत स्वतःच त्या खुर्चीत बसायला गेला. छकुलीने त्याचा शर्ट घट्ट धरला.

"नको ना बाबा, तिला लागेल."

तिच्या डोळ्यांत खोडी नव्हती. बाबाचं हसू मावळलं. पण पोरींपुढे घाबरणं बरं दिसेना, म्हणून त्याने बक्षिसाचा रंगीत खडूंचा डबा उचलला आणि रिकाम्या खुर्चीपुढे धरला.

"घ्या बाईसाहेब, जिंकलात तुम्ही."

पलीकडून कुणीतरी डबा हलकेच ओढला.

बाबाची बोटं आपोआप सुटली. डबा खाली पडला नाही.