वाघ मारणारा तिबुर्सियो

वाळूत उमटलेला पंजा फेर्मिनच्या पंज्यापेक्षा मोठा होता. त्याने शेजारी हात ठेवून पाहिला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"मी निघालो," तो म्हणाला. "या सिनेमात मी एका कुटुंबाचा बाप आहे. जनावराचं जेवण नाही."

दिग्दर्शिका बेगोन्याने कपाळाला हात लावला. शेवटचा प्रसंग तेवढा उरला होता. जंगलात वाट चुकलेलं कुटुंब नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर पोचतं, लांबून बोट दिसते, आणि आजीपासून धाकटीपर्यंत सगळे वेड्यासारखे नाचू लागतात. पण कौरा नदी फुगायला लागली होती. उद्या हा पट्टा पाण्याखाली जाणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आज नाच झाला तर सिनेमा झाला. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात, तीही अगदी खरोखरच्या पाण्यात.

"वाघाला आवरणारा माणूस आणला तर नाचशील?" तिने विचारलं.

इथे जग्वारला जग्वार म्हणत नाहीत, वाघच म्हणतात, हे माद्रिदहून आल्या आल्या ती शिकली होती. तेव्हापासून ती इथल्या माणसांशी इथल्यासारखं बोलायची आणि स्वतःवर भलतीच खूश असायची.

"ज्याने खरोखर वाघ मारलेत असा आण," फेर्मिन म्हणाला. "मग नाचेन."

ती तडक बोटीने मारिपा गावाच्या धक्क्यावर गेली. तिथे बायका मासे साफ करत बसल्या होत्या.

"इथे वाघ मारणारा कुणी मिळेल का?" तिने ऐटीत विचारलं.

बायका खुदखुदल्या. "हल्ली कोण मारत नाही, बाई? वाघ मारल्याशिवाय चूल पेटते का इथे? आमचे शाळामास्तरसुद्धा मारतात!" एकीने हातातल्या सुरीनेच पलीकडे दाखवलं. "कसलेला पाहिजे असेल, तर तो बघा तिबुर्सियो."

तिबुर्सियो अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, खात बसला होता. पन्नाशीचा, काटकुळा, शर्ट मात्र कडक इस्त्रीचा. बेगोन्या जरा हिरमुसलीच.

"तुम्ही वाघ मारता?"

"लहानपणापासून. वडीलही मारायचे."

"शेवटचा कधी?"

"शनिवारी. आणि त्याच्या आधी तर एका रात्रीत दोन. एक या काठाला, एक त्या. पहाटे घरी गेलो तर बायको म्हणते, जा आता वाघांकडेच राहायला."

बेगोन्याच्या अंगावर काटा आला. "पण मारता कशाने?"

"हात आहेत, देवाने गळा दिलाय. आणखी काय लागतं? लहान असला तर मी एकटा पुरतो. मोठ्याला चौघं जातो."

"भीती नाही वाटत?"

"वाघाची?" तो मनापासून हसला. "अहो, वाघावर तर घर चालतं माझं. भीती वाटते ती दारू प्यायलेल्यांची. भलत्या वेळी अंगावर येतात."

"आज दुपारी आमच्याकडे एखादा आला, तर?"

"आलेला वाघ कुणी सोडतं का, बाई?" शेवटचा घास तोंडात टाकून तो उठलासुद्धा.

वाळूच्या पट्ट्यावर फेर्मिनने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "हा?"

"एका रात्रीत दोन," बेगोन्या हळूच म्हणाली. फेर्मिनने लगेच त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

मग काय, नाच रंगला! आजी घसरून वाळूत बसली आणि बसल्या बसल्याच नाचत राहिली. फेर्मिनची विजार घसरली, ती त्याने नाचतच वर ओढली. बेगोन्या कॅमेऱ्यामागे उड्या मारत होती. झाला, सिनेमा झाला!

तेवढ्यात पाठीमागचं गवत हललं आणि वाघ बाहेर आला.

धाकटीचं काम करणारी सात वर्षांची नेरेया सगळ्यांत मागे होती. तिच्यात आणि वाघात जेमतेम एका होडीचं अंतर. ती वळली, तिने पाहिलं आणि ती रडायला लागली. बाकीचे होते तिथेच थिजले. बेगोन्याला सिनेमा आठवला नाही, काही आठवलं नाही. या पोरीच्या आईला मी काय सांगू, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

"तिबुर्सियो!" ती किंचाळली.

तिबुर्सियो बाह्या सरसावत आला. धावत नाही, चालत. थेट वाघासमोर जाऊन त्याने दणादण टाळ्या पिटल्या आणि असा काही आवाज लावला की पलीकडच्या काठावरचे पोपट उडाले.

"हट्! हो मागे! पोर रडतंय, दिसत नाही? हो म्हणतो ना!"

वाघाने कान पाडले. आपल्यावर कुणी असं खेकसतं हे त्याला नवीनच असावं. तो एक पाऊल मागे सरला, गुरगुरला, आणि वळून त्याने पाण्यात उडी घेतली. पोहत पोहत तो दिसेनासा झाला, तोवर नेरेया तिबुर्सियोच्या कडेवर बसली होती.

मग एकच कल्ला उठला. आजीने त्याचे मुके घेतले. फेर्मिन ढसाढसा रडत त्याच्या गळ्यात पडला. बेगोन्याने नुसते त्याचे हात घट्ट धरून ठेवले.

"तुम्ही नसता तर..." ती कशीबशी म्हणाली.

"त्यात काय एवढं, बाई?" चुरगळलेला शर्ट नीट करत तिबुर्सियो म्हणाला. "पण तुमचं ते सर्कशीतलं जनावर बांधून ठेवत जा, पोरं भितात. बरं, पाहुणे अजून कसे आले नाहीत? माझं वाद्य बोटीतच आहे, तारा लावायला वेळ लागतो. आजचा वाघ, म्हणजे ही गाण्याची सुपारी हो, लग्नाची आहे की वाढदिवसाची, तेवढं सांगा, म्हणजे गाणी तशी काढतो."