शेवटचा रकाना

"आजोबा, तुम्ही कधी शाळेत गेला होता का?" मुख्याध्यापक बाईंनी विचारलं.

सोमलाने मान हलवली. नाही. आयुष्यभर त्याने हेच उत्तर दिलं होतं. आता त्यासाठी तोंडही उघडावं लागत नसे.

तो दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसला होता. समोर लोखंडी कपाट होतं. कपाटावर पृथ्वीचा गोल होता, प्लास्टिकचा, नवा. सोमला तिकडे पाहत नव्हता. कपाटात काय असतं ते त्याला ठाऊक होतं. या शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक पोराचं नाव लिहिलेलं पुस्तक.

त्याची नात निता टेबलाशी उभी होती. तिला अकोल्याच्या कॉलेजात नर्सिंगला जागा मिळाली होती, राखीव जागांतून. त्यासाठी बंजारा असल्याचा पुरावा हवा होता. घरातल्या कोणाचा तरी, लेखी, एकसष्ट सालाच्या आधीचा. परवापर्यंत तो वाशीमच्या कचेरीत पोचला नाही, तर जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. तिचा बाप रामधन आठ दिवस कचेऱ्यांचे उंबरे झिजवत होता. तांड्यावर कोणाकडेच एवढा जुना कागद नव्हता.

निताची पत्र्याची पेटी भरून झाली होती. दोन चादरी, कुलूप, स्टीलचा डबा. वसतिगृहातल्या एका मोठ्या पोरीला फोनवर विचारून तिने कॅलेंडरच्या पाठीमागे यादीही केली होती. पहिल्या बाकावर बसायचं. रोज एक तास वाचनालयात काढायचा. कळलं नाही तर हात वर करायचा, भ्यायचं नाही. ती यादी तिने सोमलाकडून मोठ्याने वाचून घेतली होती. दोन वर्षांमागे त्याला अक्षरं तिनेच शिकवली होती. 'भ्यायचं' या शब्दाशी तो अडखळला, तेव्हा जोडाक्षर अडलं असेल असं तिला वाटलं.

आता निता फाईलची दोरी बांधत होती. गाठ बसत नव्हती.

"चाला आबा," ती म्हणाली. "पेटीतले कपडे काहाडून ठेवतो. पेटी दाण्याले कामी येईन."

ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही.

सोमला उठला. दारापर्यंत गेला. दाराच्या चौकटीला धरून तो तसाच उभा राहिला.

"साठ साल पाहा, बाई," तो म्हणाला. "माहं नाव हाय त्याच्यात. गुन्हाबी असन."

मग खाली पाहत त्याने सांगितलं. तो सहा वर्षांचा होता. तीन दिवस शाळेत आला. तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या टेबलावरचा पृथ्वीचा गोल त्याने फिरवून पाहिला. गोल खाली पडला आणि दुभंगला. मास्तरांनी त्याचा कान धरला, जाड पुस्तक उघडलं आणि त्याच्या देखत काहीतरी लिहिलं. तो पळत सुटला तो थेट तांड्यावर.

त्याचा बाप हेमला ते ऐकून पांढरा पडला. इंग्रजांच्या राज्यात तांड्यातल्या माणसांची नावं पोलिसांच्या पुस्तकात असायची, ते दिवस हेमलाने पाहिले होते. ज्याचं नाव लिहिलं, त्याने रोज चौकीत हजेरी द्यायची. कुठे चोरी झाली की आधी त्यालाच उचलायचे. हेमलाने पोराला त्याच दुपारी मावशीच्या तांड्यावर ढोरं राखायला पाठवून दिलं. शाळेचं नाव घरात पुन्हा कोणी काढलं नाही.

सोमला मोठा झाला, परत आला, संसाराला लागला. पण बाजारासाठी इंझोरी गावात जातानाही तो शाळेवरचा रस्ता टाळून नाल्यातून जायचा. तांड्यावर सरकारी जीप आली की तुरीत शिरायचा. रामधनचं नाव शाळेत घालायला त्याने बायकोला पाठवलं होतं. हे हसण्यासारखं आहे, हे त्यालाही कळत होतं. भीतीला कळत नव्हतं.

निता त्याच्याकडे पाहत राहिली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाट उघडलं, कापडात बांधलेलं एक पुस्तक काढलं आणि ठिसूळ पानं एकेक करून उलटली. सोमलाने डोळे मिटून घेतले.

"सोमला हेमला," बाई वाचू लागल्या. "जात बंजारा. दाखल, चार जुलै एकोणीसशे साठ."

निताने ओढणीत तोंड लपवलं आणि ती रडली. बाई म्हणाल्या, उतारा आत्ताच लिहून देते, दुपारच्या गाडीने वाशीमला जा.

सोमला जागचा हलला नव्हता.

"पुढं काय लिवलं हाय?" त्याने विचारलं.

बाईंनी पुस्तक त्याच्याकडे फिरवलं. तो टेबलाशी आला. त्याचं बोट ओळीवरून सरकू लागलं. नाव. जात. तारीख. शाळा सोडल्याचं कारण, गैरहजर. बोट थांबलं. एकच रकाना उरला होता. त्या रकान्याच्या वर छापलं होतं, वर्तणूक. पासष्ट वर्षं तो ज्याच्यापासून पळत होता, ते याच चौकटीत होतं.

निता त्याच्या शेजारी आली. तिने वाचून दाखवलं नाही. तो स्वतःच एकेक अक्षर जोडत गेला.

मास्तरांनी तिथे निळ्या शाईत एकच शब्द लिहिला होता. चांगली.