गोऱ्या साहेबाचा शेरा

“हा पुरावा नाही,” साहेब म्हणाले. मंगलीनं टेबलावर ठेवलेली काठवट उचलून पुन्हा पायाशी घेतली.

नदीची रेती धुऊन सोन्याचे कण काढायची ही लाकडी काठवट चार पिढ्यांची होती. कडा झिजून नखाएवढ्या पातळ झाल्या होत्या. एवढं झिजायला किती वर्षं लागतात, हे आंधळ्यालाही हात लावून कळलं असतं. साहेबांना कळलं नाही, कारण काठवटीवर शिक्का नव्हता.

“मंग काय पायजे साहेब?”

“कागद. तुमचे पूर्वज याच नदीवर सोनं धुवायचे, असं सरकारी कागदात लिहिलेलं पाहिजे. इंग्रजांच्या वेळचं असेल तर उत्तम.”

“माह्या पंज्यानं, आज्याच्या बापानं, गोऱ्या साहेबाले अर्ज देल्ला होता. या नदीसाठीच. पायी गेला होता भंडाऱ्याले.”

“मग तो आणा. नामंजूर झालेला असला तरी चालेल. अर्जदार काय म्हणतो ते कोण बघतं? त्यावर अधिकाऱ्यानं काय शेरा मारला, तो पुरावा. सोमवारच्या आत.”

सोमवारी वनहक्काच्या दाव्याची शेवटची सुनावणी होती. दावा फेटाळला की केशोरीकडच्या त्यांच्या घाटाचा रेतीसाठी लिलाव होणार, पोकलेन नदीत उतरणार. मग टोलीवरच्या, त्यांच्या वस्तीतल्या, अठरा घरांनी काय करायचं, हे कुणी कुठं लिहिलेलं नव्हतं.

अर्ज सरकारनं ठेवून घेतला, आणि आता सरकारच म्हणतं अर्ज आणा. दोन बस बदलून, मजुरी बुडवून ही साठीची बाई तिसऱ्यांदा गोंदियाला आली होती. तिला एकदाही कुणी खाली बस म्हटलं नव्हतं.

बस म्हटलं ते रेकॉर्ड रूममधल्या राजदीपनं. फुलचूरचा हा पोरगेला कारकून. जिल्हा वेगळा झाला तेव्हा भंडाऱ्याहून आलेले जुने बस्ते त्याच्या ताब्यात होते. तांबड्या फडक्यात बांधलेले, वर्षानुवर्षं कुणी न सोडलेले.

“मावशी, टाइम लागन,” तो म्हणाला. “माह्या आजोबाचे बी अर्ज असतीन इथंच कुठं तरी. विहिरीच्या पाण्यासाठी देल्ले होते म्हणते. ते बी कोनी पाह्यले नसतीन.”

मंगली दोन रात्री मुर्रीला बहिणीकडं राहिली. दिवसभर ती रेकॉर्ड रूमच्या दाराशी बसायची. राजदीप एकेक बस्ता सोडायचा, धूळ झटकायचा, परत बांधायचा. हात चालू असताना तो तिच्याशी बोलायचा.

“पंजा भल्ला हिंमतीचा होता म्हना तुमचा.”

“होता न. आमच्या घरी देवाच्या बाजूले त्याच्या नावाचा गोटा हाये. नदीसाठी गोऱ्यासंगं भांडला मानूस. त्याचे दोन नेम आमी आज बी पारतो. काम झालं का काठवट पालथी ठेवाची. अना जेवाले बसलं का तोंड उत्तरेले.”

“काऊन?”

“नदी उत्तरेले हाये न आमच्या. तिचा मान.”

राजदीपला ते पटलं. काठवट त्या वेळीही तिच्या पायाशी पालथीच होती.

शुक्रवारी दुपारी फाईल सापडली. दोनच पानं होती. पहिलं बाळबोध लिपीत, बारीक अक्षरात, खाली शाईचा अंगठा. दुसरं इंग्रजीत, सहीशिक्क्यासह. राजदीपनं आधी शिक्क्याचं पान घेतलं. बोट ठेवून, थांबत थांबत त्यानं मराठीत सांगितलं.

“‘सेवकराम व त्याचे लोक हे या नदीवरचे पिढीजात सोनं धुणारे आहेत. दुसरा धंदा त्यांना ठाऊक नाही. ते बाहेरून आलेले नाहीत. अर्ज नामंजूर.’”

मंगलीनं पदर तोंडाला लावला. शंभर वर्षांनी का होईना, एका साहेबानं त्यांना नदीचं म्हटलं होतं. इथल्या साहेबांना हवं होतं ते सगळं त्या चार ओळींत होतं.

“पन मंग नामंजूर कायले केला?” तिनं विचारलं. “पिढीजात मानलं, त् नदी द्याले काय झालं होतं त्याले?”

राजदीपनं पहिलं पान उचललं. वाचता वाचता तो थबकला.

“वाच न. काय म्हनते माहा पंजा?”

त्यानं हळू आवाजात वाचलं.

“‘मेहेरबान साहेब बहादूर यांसी, सेवकराम वल्द बुधराम याचा अर्ज की, आम्ही नांगर धरणारे लोक. आमचे गाव व जमीन येथून चाळीस कोस उत्तरेस आहे. रेती धुणे आमचे काम नव्हे. दोन सालांमागे सोन्याच्या ठेक्याच्या साहेबाने शिपाई लावून आम्हांस बायकापोरांसह येथे आणिले व हाती काठवट दिली. पाण्यात उभे राहून माझी दोन लेकरे मेली. ही नदी आमची नाही. आम्हांस आमच्या गावी परत जाऊ द्यावे.’”

मंगली पायाशी पालथ्या पडलेल्या काठवटीकडं पाहत राहिली. मग ती उठली, खिडकीपाशी गेली, आणि उन्हाच्या अदमासानं उत्तर दिशा कुठं येते ते तिनं पाहिलं. टोलीवर संध्याकाळी अठरा घरं जेवायला बसणार होती.

साहेबांची कचेरी पाचला बंद व्हायची. साडेचार झाले होते.

“मावशी,” राजदीपनं विचारलं, “झेरॉक्स दोन्ही पानाची काढू?”

“दुसऱ्याच पानाची काढ,” मंगली म्हणाली. “पयलं तवा बी कोनी वाचलं नोतं.”