खोडलेली ओळ

"दहा दिवसांत तीनच शहरं बसतात, काका," भाची म्हणाली. "उद्या तिकिटं काढायची आहेत. आता आढेवेढे पुरे."

काका तिचे रक्ताचे कुणी नव्हेत. तिच्या मामाच्या घरात एकतीस वर्षं राहिलेले गृहस्थ, छापखान्यात प्रूफं तपासून निवृत्त झालेले. मामा शिंपी होता. चार महिन्यांपूर्वी गेला.

टेबलावर मामाची मापं लिहायची लांबट वही उघडी होती. मागच्या बाजूनं, दर वर्षाला एक पान, त्यानं युरोपातली शहरं लिहून ठेवली होती. एकदा जायचं म्हणून. प्रत्येक शहराखाली दोन ओळी काकांच्या आवडीच्या: व्हिएन्नाखाली चित्रं आणि जुनं ग्रंथालय, प्रागखाली पूल आणि घड्याळ. तिसरी ओळ त्याची स्वतःची. ती पानोपानी लाल शाईनं खोडलेली.

भाचीनं वही खिडकीकडे धरली. "बर्लिन," तिनं वाचलं. "'इथे पुरुष पुरुषांबरोबर नाचतात, पहाटेपर्यंत.' खोडलंय, पण वाचता येतंय की."

"काय खोडलं ते दिसायला हवं. छापखान्याची सवय."

"म्हणजे तुम्ही खोडलंत?"

"दुकानात दिवसभर गिऱ्हाइकं. वही कुणाच्या हाती पडली असती म्हणजे?" काका चष्मा पुसू लागले. "आणि तिथं गेलो असतो तरी कुणीतरी ओळखीचं भेटलंच असतं. तसं म्हटलं की तो विचारायचा, बर्लिनमध्ये तुला कोण ओळखणार आहे, पुतळे?"

भाचीला हसू आलं. "चिडायचा नाही?"

"छे. पुढल्या वर्षी पुन्हा लिहायचा."

ती वहीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "काका, आम्हाला माहीत होतं. आईला तर मी शाळेत होते तेव्हापासून."

चष्मा पुसणारा हात थांबला.

"माझ्या लग्नात तुम्ही हट्टानं वेगळी खोली मागितलीत. आई म्हणाली, दे किल्ली, दुसऱ्या खोलीची गादी कुणी विस्कटणार नाही. सकाळी बघते तर तुम्ही खरंच त्या खोलीत, दाराला आतून कडी. आणि मामा बाहेर जिन्यात बसलेला."

"तुझी आई कधी काही बोलली नाही."

"मामानंच बजावलं होतं. तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नका म्हणे, तो घर सोडून जाईल."

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. खिशातलं लाल पेन काढलं, वही स्वतःकडे ओढली आणि पहिल्या पानावरच्या खोडलेल्या ओळींखाली एकेक टिंब देऊ लागले. बारीक, सारख्या अंतरावर.

"हे काय?"

"चुकून खोडलं गेलं की खाली टिंबं द्यायची. खिळे जुळवणाऱ्याला कळतं, ओळ होती तशी ठेवायची."

पान उलटलं. पुन्हा टिंबं. भाची चहा करून घेऊन आली, तो निवला, तरी पेन चाललंच होतं. एकतीस वर्षं खोडायला जेवढा वेळ लागला नव्हता, तेवढा आता लागत होता.

शेवटचं पान गेल्या वर्षाचं. शहरं होती, संग्रहालयं होती, पूल होते. तिसरी ओळ कुठेच नव्हती. तिच्यापुरती जागा तेवढी मोकळी. हे पान पाहून काका तेव्हा म्हणाले होते, आलं एकदाचं शहाणपण. मामा सुईत दोरा ओवत होता. त्यानं मान वर केली नव्हती.

"मग, कुठली तीन?" भाचीनं हळूच विचारलं.

काकांनी बर्लिनखालच्या मोकळ्या जागेत पेन टेकवलं आणि एक ओळ मावेल एवढी टिंबं देत पार समासापर्यंत गेले. मग बार्सिलोनाखाली. मग ॲमस्टरडॅमखाली.