दीड दिवस बंद असलेलं दुकान

"दिवसाला किती लोक येतात तुमच्या दुकानात?" होस्टिंगवाल्याने विचारलं.

"कधी दोन. कधी कुणीच नाही," शिलाईकाकू म्हणाल्या. "कुणी आलं नाही की बरं वाटतं."

त्याने लॅपटॉपवरून मान वर केली. लोकांच्या वेबसाइटना इंटरनेटवर जागा मिळवून देण्यात त्याची दहा वर्षं गेली होती, पण असा दुकानदार काही त्याने पाहिला नव्हता. काकू तान्ह्या बाळांचे कपडे शिवून ऑनलाइन विकायच्या. दुकान म्हणजे घरातलीच एक खोली. खिडकीशी मशीन, टेबलावर कात्री आणि पांढऱ्या मलमलीचे तुकडे. दोरीवर तळहाताएवढी झबली टांगलेली होती. नमुने असावेत, असं तो धरून चालला.

"मग तुम्हाला सामायिक सर्व्हर पुरेल," तो म्हणाला. "एका नळावर पन्नास बिऱ्हाडं असतात ना, तसं. एखाद्या दिवशी पाणी नाही आलं, तर दोन गिऱ्हाइकांवाचून काय अडतंय?"

"आत्ता तसंच आहे. मागच्या महिन्यात दीड दिवस दुकान बंद पडलं."

"अहो, गिऱ्हाईक काय, दुसऱ्या दिवशी येतं."

"माझं नाही येत."

हे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. त्या दीड दिवसात कोण दारापर्यंत येऊन परत गेलं असेल, या विचाराने काकूंचं जेवणावरचं मन उडालं होतं. पुन्हा तसं होऊ नये, एवढ्यासाठीच त्यांनी याला बोलावलं होतं.

मग तो सरसावून बसला. स्वतंत्र सर्व्हर घेऊ, तो कोलमडला तर दुसरा आपोआप उभा राहील, रोज सगळ्याची एक प्रत वेगळी काढून ठेवू. काकू मान डोलवत होत्या. मधेच त्यांच्या अटी सुरू झाल्या. नेटवर्क कमी असलं तरी पान उघडलं पाहिजे, अगदी तळघरातसुद्धा. बाळांचे फोटो नकोत. सेलची पट्टी नको.

"आणि एकदा कपडे घेतले की त्या माणसाला आपल्याकडून पुन्हा मेल जायला नको. कधीच."

"काकू, मूल वाढतं हो. तीन महिन्यांनी मोठं माप लागतं. तेव्हा आठवण केली की तेच गिऱ्हाईक परत येतं. सगळे करतात."

"करू देत सगळ्यांना."

हट्टी आहे म्हातारी, त्याने मनात म्हटलं. शिवणीला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. एक झबलं त्याने हातात घेतलं. टीप आतून-बाहेरून सारखीच. बटण एकही नाही. पुढून पूर्ण उघडणारं, बारीक नाड्यांचं. त्याचा आवाज नकळत मऊ झाला.

"आमच्याकडे सातवा महिना चालू आहे. नव्या सर्व्हरवरची पहिली ऑर्डर माझी. फक्त माप जरा मोठं घ्या."

काकूंनी ते झबलं त्याच्या हातातून काढून घेतलं. हिसकावलंच म्हणायला हवं.

"तुम्हाला नाही मिळणार."

"का? फुकट नाही मागत मी."

"दुसरीकडून घ्या. बाजारात चांगले मिळतात. रंगीत घ्या, छान." त्यांनी झबलं परत दोरीवर टांगलं. "आणि बायकोला जपा. डॉक्टरांची एकही तारीख चुकवू नका."

त्याचे कान तापले. जो दुकान उभं करून देणार, त्यालाच गिऱ्हाईक म्हणून नाकारायचं? एवढा कसला तोरा? पण काम अंगावर घेतलं होतं. तो जुन्या सर्व्हरवरचं एकेक सामान नव्या जागी हलवू लागला. काकू पाठ करून मशीनवर बसल्या.

दुपारपर्यंत सगळं हलवून झालं. शेवटी जुन्या सर्व्हरवर एक निरोप अडकलेला सापडला. दुकान बंद पडायच्या काही मिनिटं आधी कुणीतरी पाठवला होता, आणि तो काकूंपर्यंत पोचलाच नव्हता.

"बघा, आलं होतं तुमचं गिऱ्हाईक," तो जरा खोचकपणे म्हणाला. मशीन थांबलं. तो मोठ्याने वाचू लागला.

"ताई, मुलगी होती. वजन चारशे ग्रॅम. उद्या सकाळी दहाला पुरायचं आहे. तशीच उघडी ठेवायला मन धजत नाही हो. तुमचं झबलं तोवर पोचेल ना?"