पाहुण्यांची कपबशी

पहाऱ्याच्या जागी कुणीच नव्हतं. बर्फात उमटलेली पावलं थेट बंकरच्या दाराशी जात होती आणि आत शेगडीपाशी धुमाळ हात शेकत बसला होता.

नाईक शेडगेने सगळ्यांदेखत एक शब्द काढला नाही. त्याला बाहेर नेलं. दोघं एकाच तालमीतले, एकाच दिवशी भरती झालेले. नाईकाच्या फिती मात्र महिन्यापूर्वी एकट्या शेडगेच्या बाहीवर चढल्या होत्या.

“बोटं बधिर झाली होती रे, हणम्या,” धुमाळ म्हणाला. “जरासा आलो.”

“मागल्या वेळी मी हसण्यावारी नेलं, ते बघून काल दुसराही पहारा सोडून आला. तेवढ्यात समोरच्या नाल्यातून कुणी वर आलं असतं तर आपण सगळेच गेलो असतो. आज खालच्या तळावरून रॉकेलचे कॅन तू एकट्याने आणायचे.”

धुमाळने त्याच्याकडे पाहिलं, टाचा जुळवल्या आणि तो उतरणीला लागला.

संध्याकाळी शेवटचा कॅन टेकवून त्यानेच चहा टाकला. रोज ते दोघं एकाच पोचा पडलेल्या मगातून प्यायचे, आळीपाळीने त्याभोवती पंजे गुंडाळून. सवयीने शेडगेने हात पुढे केला.

धुमाळने कपबशी आणली. चौकीत ती एकच होती, पाहणीला येणाऱ्या साहेबांसाठी जपून ठेवलेली.

“घ्या,” तो अदबीने म्हणाला आणि पोचा पडलेला मग घेऊन बाकीच्यांत जाऊन बसला.

शेडगेने एका हातात बशी धरली, दुसऱ्यात कप. शेकायला हात उरला नाही.